जिनमधली काडेचिराईत

मी अख्खी पुडी काडेचिराईत जिनच्या बाटलीत टाकली, दोन रात्री तशीच ठेवली आणि चाखून न बघता गिऱ्हाइकाला प्यायला दिली.

लहानपणी ज्यांना हिवताप आला आणि घरात कोणी म्हातारं माणूस होतं, त्यांना काडेचिराईत सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. काष्ठौषधीच्या दुकानात खराट्यासारख्या दिसणाऱ्या काड्या मिळतात. त्यातली एक काडी गरम पाण्यात बुडवून काढली तरी ते पाणी पिताना माणसाला आपले सगळे शत्रू एकेक करून आठवतात. तिच्यापुढे कारलं म्हणजे जिलबी. अशा काड्यांची मी अख्खी पुडी टाकली होती.

आता कोणी विचारेल, दारूच्या काउंटरमागे उभा जन्म काढलेला माणूस चाखून का बघत नाही. तर त्याला कारण माझ्या सासूबाई.

सासूबाई, म्हणजे शलोमीबाई, तरुणपणी बायबलबाई होत्या. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर पाथर्डी तालुक्यात, तिसगावच्या बाजूला, पायी गावोगाव फिरायचं, बायकांना अक्षरओळख करून द्यायची, प्रार्थना घ्यायची, तापाची औषधं वाटायची आणि दारूविरुद्ध बोलायचं, हे त्यांचं काम. आमच्या देवळात प्रभुभोजनालासुद्धा द्राक्षाचा ताजा रस असतो, आंबलेला नाही. अशा बाईची मुलगी मी मागितली, तेव्हा मी सावेडीच्या पुढे, मनमाड रोडवरच्या एका गार्डन परमिट रूममध्ये नुकताच लागलो होतो.

सासूबाई म्हणाल्या, "धंदा वाईट हाय. पन आमची मार्था हट्टाला पेटलीय. बायबलावर हात ठिवा, शमुवेलराव. थेंब तोंडात जानार न्हाई म्हना."

मी हात ठेवला आणि म्हटलं. वासाबद्दल काही ठरलं नव्हतं.

त्यामुळे मी सगळा धंदा नाकावर आणि गिऱ्हाइकाच्या तोंडावर केला. म्हणजे असं, की पेला पुढे सरकवायचा आणि फडकं घेऊन काउंटर पुसत पहिल्या घोटाला तोंडाकडे बघायचं. भुवया वर गेल्या तर आंबट जास्त झालं. जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला तर बरोबर. गिऱ्हाईक पेल्याकडे बघायला लागलं तर काहीतरी चुकलंय, आणि माझ्याकडे बघायला लागलं तर लगेच शेंगदाणे पुढे करायचे. आंधळ्याने गाडी चालवावी तसा प्रकार, पण शेजारचा माणूस डावीकडे-उजवीकडे सांगत असला की चालते गाडी. देवळातली मंडळी मात्र माझ्याविषयी सांगताना "शमुवेल सरबताच्या लाइनीत आहे" असं म्हणायची, आणि पाळक साहेब ते ऐकून घ्यायचे.

तसं बघितलं तर आमच्याकडे बनवायचं फारसं नसायचंच. क्वार्टर फोडायची, पेग मेजरने मोजायची, सोडा, पाणी, चकणा. जिनच्या बाटल्या सगळ्यात वरच्या फळीवर धूळ खात बसलेल्या. नगरमध्ये जिन कोण पितं? आमच्याकडे एकच होते, एक निवृत्त मुख्याध्यापक. ते जिन घ्यायचे, कारण ती पाण्यासारखी दिसते. मी त्यांना ती स्टीलच्या तांब्यात द्यायचो. एकदा त्यांचा जुना विद्यार्थी समोर आला, पाया पडला, शेजारी बसला आणि लागली होती तहान म्हणून त्याने तांब्या उचलून वरून तोंडात धार सोडली. सर वर आभाळाकडे बघत बसले. विद्यार्थ्याने घोट गिळला, तांब्या खाली ठेवला आणि अदबीने म्हणाला, "सर, इथलं पाणी जरा जड आहे." त्याच्याइतका गुरुभक्त मी दुसरा बघितला नाही.

तर अशी माझी चैनीत चाललेली नोकरी. मग मालक म्हातारपणी शेतावर राहायला गेले आणि त्यांचा मुलगा संग्राम पुण्याहून हॉटेलचं शिक्षण घेऊन आला. पोरगा चांगला. मला काका म्हणायचा. मला कामावरून हलवायचं ठरवलं तेव्हासुद्धा आधी खुर्ची दिली.

"काका, जूनपासून पुण्याचा एक मुलगा येतोय काउंटरला. कॉकटेल करतो. तुम्ही पार्सलच्या खिडकीवर बसा. सावली आहे तिथे, पंखा लावतो."

पार्सलची खिडकी बाहेरच्या लोकांना साधी वाटेल. तिला जाळी आहे. जाळीच्या खालच्या फटीतून एक हात आत येतो, मी त्यात काळ्या पिशवीतली बाटली ठेवायची, हात बाहेर जातो. तोंड दिसत नाही. ज्याचं सगळं पोट लोकांच्या तोंडावर चाललं, त्याला तिथे बसवणं म्हणजे न्हाव्याला टोप्या विकायला बसवण्यासारखं. मी बहुतेक तसंच काहीतरी तोंड केलं असणार, कारण संग्राम जरा नरमला.

सावेडीतल्या एक दातांच्या डॉक्टर मॅडम आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाची पार्टी मेमध्ये आमच्या बागेत ठरली होती. मॅडम नुकत्याच इटलीला जाऊन आल्या होत्या. तिथे त्यांनी उन्हात बसून लाल रंगाचं, जिनमधलं, कडूगोड असं काहीतरी गारगार प्यालं होतं आणि तेच त्यांना पाहुण्यांना द्यायचं होतं. मला म्हणाल्या, "नुसतं गोड नको हं, शमूकाका. मी दातांची डॉक्टर आहे. आधी कडू लागलं पाहिजे, मग गोड, आणि मग पुन्हा प्यावंसं वाटलं पाहिजे."

संग्राम म्हणाला, "हे तुम्ही करून दाखवा, काका. जमलं तर काउंटर तुमचा. पुण्याच्या पोराला मी नाही म्हणून कळवतो. नाही जमलं तर मग खिडकी."

त्या पेयात पडणारी लाल कडू दारू नगरला मिळत नव्हती. होलसेलवाला म्हणाला, मागवली तर पार्टी झाल्यावर येईल. मग मी विचार केला, कडूच पाहिजे ना? पाडव्याला शेजारच्या घरून दरवर्षी कडुनिंब-गुळाची गोळी येते, ती आपण खातोच की. कडूगोड आपल्याला इटलीने शिकवायला नको. पण कडुनिंबाला उग्र वास. माझं सगळं नाकावर, त्यामुळे तो बाद. काडेचिराईतीला वासच नाही. नाक म्हणालं, हे सभ्य आहे. नाकाचा सल्ला मी ऐकला.

दुकानदाराने विचारलं, "ताप कोणाला?"

"गिऱ्हाइकाला," मी म्हटलं.

बाटलीत पुडी गेली, मोसंबीच्या साली गेल्या, रंगाला बिटाची फोड गेली. दोन रात्रींनी असा काही लाल रंग उतरला की मी स्वतःवर खूश. पेल्यात बर्फ, त्यावर हे, साखरेचा पाक, सोडा, वर मोसंबीची चकती. दिसायला इटली. आता फक्त तोंड हवं होतं.

तोंड म्हणून मी रावसाहेबांना निवडलं. रावसाहेब तिसगावचे, मोसंबीचे बागाईतदार. बाजार समितीत माल घातला की आमच्याकडे काउंटरला येऊन बसायचे आणि बसले की गाडी ड्रायव्हरलाच न्यावी लागायची. माणूस दिलदार. माझ्यावर विश्वास एवढा, की मी "जरा नवीन केलंय, घोटभर बघा" म्हटल्यावर म्हणाले, "शमूभाऊ, तुमी दिलं तर इख बी पिऊ."

आमच्याकडे घोटभर बघणं ही पद्धत नाही. रावसाहेबांनी अर्धा पेला एका दमात घेतला.

मी फडकं घेऊन तयारच होतो. पण भुवया वर गेल्या नाहीत, जीभ वाजली नाही. तोंड जिथे होतं तिथेच थांबलं. नंतर हळूहळू ते आतल्या बाजूला जायला लागलं, जशी नाडी ओढल्यावर पिशवी मिटते. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते रडले नाहीत. पेला त्यांनी फार जपून खाली ठेवला, टोपी घातली, समोरचं मटण तसंच सोडलं आणि "येतो" एवढंच म्हणून स्वतःच्या पायांनी सरळ रेषेत चालत गेले. आमच्या बागेतून सरळ रेषेत बाहेर जाताना त्यांना मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढच्या बाजाराला रावसाहेब आले नाहीत. त्याच्या पुढच्यालाही नाही. तिसऱ्या बाजाराला भर दुपारी फाटकाशी एक बाई उभ्या दिसल्या, सोबत मोसंबीचं पोतं. परमिट रूमच्या आत गावाकडची बाई एकटी येत नाही, म्हणून मी बाहेर गेलो.

"शमूभाऊ तुमीच का? मी रावसायबांची मंडळी."

मी म्हटलं, आता बसते चप्पल. तिकडे संग्राम गल्ल्यावरून बघत होता.

बाई म्हणाल्या, "भाऊ, काय पाजलं वो तुमी त्यांना? त्या दिसापासनं बाटलीला शिवलं न्हाईत. म्हंत्यात, वास आला की त्येच कडू तोंडात येतंय. रातीच्याला पोरांसंगं जेवाय बसत्यात. धाकटीला पाढे इचारत्यात." मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "घरचा माल हाय. गोड मानून घ्या. दरसाली धाडीन."

मी पोतं घेतलं. आयुष्यात मला गिऱ्हाइकांनी बक्षिशी दिली होती, शिव्या दिल्या होत्या, एकाने घड्याळ ठेवायला दिलं आणि पुन्हा आला नव्हता. पण दारू सुटली म्हणून आभार कोणी मानले नव्हते. काय तोंड करावं तेच मला कळेना. संग्रामला मात्र कळलं.

"काका, एका पेल्यात कायमचं गिऱ्हाईक घालवलंत. मॅडमच्या पार्टीत हेच दिलंत तर सावेडीत दारूबंदी होईल. पंखा कुठला घेऊ खिडकीसाठी, टेबल की छताचा?"

पार्टीला आठवडा उरला होता. मी ती उरलेली लाल जिन एका बरणीत ओतली आणि बरणी व मोसंबीचं पोतं स्कूटरवर घालून घरी आणलं. मार्था शाळेतून निवृत्त झाली असली तरी तिची नजर वर्गावरचीच, म्हणून बरणी स्वयंपाकघरात लोणच्याच्या बरण्यांच्या मागे ठेवली. सासूबाई उन्हाळ्यात आमच्याकडे असतात हे मी विसरलो नव्हतो. त्यांना दुपारी झोप लागत नाही हे विसरलो होतो.

मी तोंड धुऊन आलो तर सासूबाई ओट्यापाशी उभ्या, हातात चमचा, बरणीचं झाकण उघडं.

"काडेचिराईत दिसतीया," त्या म्हणाल्या. "दोन दिस झाले अंग कसकस करतंय. बरं झालं काढा करून ठिवला." आणि चमचा तोंडात.

गावोगाव दारूविरुद्ध पायपीट केलेल्या बाईच्या पोटात माझ्या हातची जिन चालली होती आणि मी टॉवेल धरून उभा होतो. सवयीने मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. सासूबाईंनी चमचाभर कडू तोंडात इकडून तिकडे फिरवलं, जरा थांबल्या आणि गिळलं. एक सुरकुती हलली नाही.

"वास कसला येतुय?"

"सालीचा," मी म्हटलं. "मोसंबीच्या."

"हां." त्यांनी चमचा धुतला. "काडेचिराईत लई भिजली, शमुवेलराव. आन सालीचा पांढरा भाग ठिवलाय, त्यो बी कडू पडतो. गरम पान्यात दोनच काड्या टाकाव्या. एक भाकरी भाजून हुईस्तवर ठिवायच्या, मग काढून फेकायच्या. म्हंजे आधी कडू लागतं आन मागनं जीभ गोड व्हती."

आधी कडू, मग गोड. मॅडमचे शब्द. मी टॉवेल खांद्यावर टाकला. नगर जिल्ह्यातली सगळ्यात तयार जीभ माझ्या घरात बटाटे सोलत बसली होती आणि मी नाकावर चाललो होतो.

मग मी शहाण्यासारखं एक केलं. जिन बाजूलाच ठेवली. कडू आणि गोड आधी पाण्यात जमवायचं, दारू काउंटरवर मिळवायची. त्यामुळे सासूबाईंना निर्धास्त चाखायला देता येत होतं. दोन काड्या, एक भाकरी भाजेपर्यंत. मोसंबीच्या साली पांढरा भाग खरवडून, साखरेत चुरून, त्यांचा वास साखरेत उतरेपर्यंत झाकून. मग पाक. लाली बिटाने मातकट येत होती, तिथे कोकम घातलं. सासूबाई रोज दुपारी चमचाभर घ्यायच्या आणि सांगायच्या. "पाक दाट झाला." "मीठ न्हाई घातलं? चिमूटभर घाला, कडूचा कंगोरा मोडतो." "आज बरं हाय." आणि एकदा, पाण्यातला नमुना चाखून, "त्या पयल्या दिसासारखं अंगात ऊब न्हाई येत." मी घाईघाईने पंखा वाढवला.

मार्थाने एकदा विचारलंच. "आई, तू रोज काय चाखतेस?"

"सरबत," सासूबाई म्हणाल्या. "जावई सरबताच्या लाइनीत न्हाई का?"

पार्टीच्या दिवशी ऊन उतरायच्या आत मी काउंटर लावला. बर्फासाठी यंत्रातले छोटे खडे वापरले नाहीत, कारखान्यातून लादी आणून मोठे तुकडे फोडले. लहान बर्फ घाईने विरघळतो आणि पेयाचं पन्हं होतं. मोठा तुकडा गार करतो आणि गप्प बसतो. पेल्यात बर्फ, एक पेग जिन, त्याच्या निम्मा माझा कडूगोड पाक, थोडा मोसंबीचा रस, लांब चमच्याने सावकाश फिरवायचं आणि सोड्याची बाटली पेला तिरका धरून ओतायची. वर सालीची एक पट्टी पेल्यावर पिळायची, म्हणजे तिचं तेल वर तरंगतं आणि तोंडाच्या आधी नाकाला बातमी जाते. हा शेवटचा भाग माझा स्वतःचा. नाकासाठी एवढं करायलाच पाहिजे होतं.

पहिला पेला मॅडमला. संग्राम शेजारी हात बांधून उभा. मी फडकं घेतलं.

मॅडमने घोट घेतला. भुवया जवळ आल्या. तोंड किंचित वाकडं झालं आणि मला जाळीची खिडकी स्पष्ट दिसली, तिच्यावरचा पंखासुद्धा. मग भुवया सुटल्या. जीभ टाळ्याला लागल्याचा आवाज आला. त्यांनी पेला खाली ठेवला नाही, उन्हाकडे धरून बघितला आणि दुसरा घोट घेतला.

"इटलीतलं नाही हे," त्या म्हणाल्या.

संग्रामने हात सोडले.

"त्याच्यापेक्षा बरं आहे. त्यांचं जरा औषधासारखं लागायचं. यात काय घातलंय?"

"सरबतच आहे," मी म्हटलं.

पाहुण्यांनी जिनच्या सगळ्या बाटल्या संपवल्या. वरच्या फळीवर धुळीचे गोल तेवढे राहिले. संग्रामने दुसऱ्याच दिवशी पाटी लावली, पेयाला इंग्रजी नाव दिलं. मला ते अजून नीट उच्चारता येत नाही, पण निवृत्त होईपर्यंत काउंटर माझ्याकडेच राहिला. पुण्याच्या मुलाला नाही म्हणणं संग्रामच्या जिवावर आलं, म्हणून खिडकीवर तो आला. चांगला पोरगा, पंख्याखाली बसायचा.

इथे गोष्ट थांबली असती तर मी फुशारकी मारायला मोकळा होतो. पण पाटी लागली त्या आठवड्यातल्या बाजाराला रावसाहेब आले. काउंटरपाशी उभे राहिले, पाटी बघितली, आजूबाजूच्या लोकांच्या हातातले लाल पेले बघितले.

"त्येच का हे?"

"तेच. पण सुधारलंय."

"घोटभर बघू," ते म्हणाले आणि अर्धा पेला एका दमात घेतला. मी तोंडाकडे बघत होतो. जीभ वाजली. "आता जमलं, शमूभाऊ. आनखी एक भरा."

त्यांना त्या दिवशी ड्रायव्हरने नेलं. पुढच्या वर्षी मोसंबीचं पोतं आलं नाही.

रावसाहेब येऊन गेले त्याच आठवड्यातल्या रविवारी देवळातून आल्यावर जेवायला बसलो आणि मी ही सगळी हकीकत सासूबाईंना सांगितली. जिनसकट. पार्टी यशस्वी झाल्याची नशा बाकीच्यांसारखी मलाही चढली होती, एवढंच म्हणतो. मार्था वाटीवर चमचा आपटून मला थांबवत होती. सासूबाई शांतपणे भाकरी कुस्करत होत्या.

"त्या दिशी चमच्यातलं मला तवाच कळलं हुतं," त्या म्हणाल्या. "जल्मभर दारुड्यांच्या उंबऱ्यावर हुबी ऱ्हायली मी. वास वळखत न्हाई व्हय?"

"मग गिळलंत कशाला?"

"तापात काडेचिराईत थुकत नसत्यात. आन शपथ तुमी घेतल्याली, म्या न्हाई." त्यांनी भाकरीवर कालवण ओतलं. "पयल्या बरनीत किती काड्या हुत्या?"

"अख्खी पुडी."

"किती राती भिजल्या?"

"दोन."

सासूबाईंनी मान हलवली, वर्गात पोराचं उत्तर बरोबर आल्यावर मार्था हलवायची तशी.

"बराबर हाय. त्येच माप. तिसगावच्या बाजूला बायांना मी त्येच शिकवत हुते. अख्खी पुडी, दोन राती, आन गुपचूप नवऱ्याच्या बाटलीत. धा जनांतला एखादा सुटायचा." त्यांनी पहिला घास घेतला, नीट चावला, गिळला आणि मग माझ्याकडे बघितलं. "इतक्या वर्सांत तुमच्या हातनं एक चांगलं काम झालं हुतं, शमुवेलराव. त्ये बी चुकून. आन त्ये तुमी घरी आनून दुरुस्त केलंत."